पडद्यावर आपण, खुर्चीवर कोण?

१९८१ सालचा जुलै महिना. मुंबईत पावसाळा. १३ जुलैला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवर राहणाऱ्यांना जबरीनं उठवणार आणि ज्याच्या त्याच्या मुलखाला धाडणार, नाहीतर शहराबाहेर नेऊन टाकणार. २३ जुलैला महापालिकेची माणसं आली. झोपड्या मोडल्या. माणसं बसमध्ये भरली. ज्यांनी शहराचे रस्ते खणले, गटारं उपसली, माल उचलला, त्यांना शहरानं पावसात सांगितलं, तुम्ही इथले नव्हे.

त्याच मोसमात, जो युरोपात उन्हाळा असतो, स्वित्झर्लंडच्या लोकार्नो नावाच्या बारक्या शहरात चित्रपट महोत्सव भरला. चौतिसावा. तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हंजे सोनेरी बिबट्या. तो बिबट्या त्या साली भारताच्या 'चक्र' ह्या पिक्चरला मिळाला. 'चक्र' कशावर आहे? मुंबईच्या झोपडपट्टीवर. शेवटी काय होतं? झोपडपट्टीवर बुलडोझर येतो.

दोस्तांनो, एका बाजूला खरा हातोडा आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा बुलडोझर. एकाला सरकारी हुकूम, दुसऱ्याला टाळ्या. ह्या दोन्ही गोष्टी इतिहासात नोंदलेल्या आहेत. पहिली कोर्टाच्या निकालात सापडते, दुसरी महोत्सवाच्या बक्षिसांच्या यादीत. दोन्ही एका पानावर मांडलेल्या मी तरी कुठं वाचल्या नाहीत. म्हणून लिहितोय. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तिसऱ्या पाळीला उभा असतो. शाळा आठवीत सुटली, पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि वस्तीतल्या वाचनालयात झालं. पण एक प्रश्न मला पडलाय आणि तो प्राध्यापकांनी विचारलेला नाही : झोपडी पडद्यावर जाते, तेव्हा झोपडीवाला कुठं असतो?

आधी लोकार्नो बघू. नकाशात बोट ठेवून शोधावं लागतं. आल्प्सच्या पायथ्याला, मॅजोरे तळ्याच्या काठावर, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांतातलं गाव. वस्ती सोळा हजारांच्या आसपास. आपल्याकडं एवढी माणसं तालुक्याच्या जत्रेला जमतात. १९२५ साली युरोपातल्या सरकारांनी इथं शांततेचा करार केला म्हणून नाव झालं. ती शांतता पंधरा वर्षंबी टिकली नाही. दुसरं महायुद्ध झालं, युरोपचा मोठा भाग बेचिराख झाला, स्वित्झर्लंड बाजूला राहिलं.

युद्ध संपल्यावर १९४६ साली महोत्सव सुरू झाला. त्याच्या आधी शेजारच्या लुगानो शहरात उघड्यावर पिक्चर दाखवायचे. तिथं कायमचं खुलं प्रेक्षागार बांधायचा बेत निघाला, पण नागरिकांनी मतदान करून तो पाडला. लोकार्नोच्या पर्यटनवाल्यांनी ही संधी उचलली. २३ ऑगस्ट १९४६ ला ग्रँड हॉटेलच्या बागेत पहिला खेळ झाला. पिक्चर इटलीचा, 'ओ सोले मिओ'. त्याच पहिल्या वर्षी रोबेर्तो रोझेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' तिथं दाखवला गेला. नाझी फौजांच्या टाचेखालच्या रोमची ती गोष्ट. रस्त्यावर जाऊन, मोडक्या शहरात, तुटपुंज्या साधनांत काढलेला पिक्चर. सिनेमा स्टुडिओतून बाहेर पडून गरिबाच्या गल्लीत आला तो ह्याच इटालियन लोकांमुळं.

पण बाग कुणाची होती हे विसरू नका. हॉटेलची. महोत्सव भरवणाऱ्यांना कलेचं प्रेम असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण उन्हाळ्यात गिऱ्हाईक यावं, खोल्या भराव्यात, हा हिशेब त्याच्या मुळाशी होता. जगात जिथं जिथं चित्रपट महोत्सव भरतात तिथं हा हिशेब असतोच. गिरणीत सूत निघतं, पण गिरणी सुतासाठी नसते, नफ्यासाठी असते. तसंच हे.

पुढं १९७१ साली एक महत्त्वाची गोष्ट झाली. रात्रीचे खेळ शहराच्या भर चौकात आले. चौकाचं नाव पियाझ्झा ग्रांदे, म्हंजे मोठा चौक. लिव्हियो वाक्कीनी नावाच्या वास्तुशिल्पकारानं पडद्याची आणि यंत्राची मांडणी करून दिली. आज तिथं आठ हजार माणसं बसतील एवढ्या खुर्च्या मांडतात, बिबट्याच्या रंगाच्या, पिवळ्या आणि काळ्या. पडदा २६ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच. अंधार पडला की खेळ सुरू. पाऊस आला तर लोक रेनकोट चढवून बसून राहतात. शहराच्या वस्तीच्या निम्म्याइतकी माणसं एका वेळी एका पडद्याकडं बघतात. तिकीट लागतं, फुकट काही नाही. तरीबी हॉटेलच्या बागेतून निघून चौकात येणं ही पुढची पायरी होती, हे मान्य करायला पाहिजे.

चौक म्हणलं की आपल्याला काय आठवतं ते वेगळं सांगायला नको. गावाचा चौक, गावाची चावडी, गावाची विहीर, गावाचं तळं. 'गावाचं' म्हणायचं आणि आपल्याला वेशीबाहेर ठेवायचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा 'सार्वजनिक' ह्या शब्दाला पहिल्यांदा खरा अर्थ आला. म्हणून कुणी मला सांगितलं, की अमुक शहराच्या चौकात सगळ्यांसाठी पिक्चर दाखवतात, की मी पहिलं विचारतो : सगळ्यांसाठी म्हंजे कुणाकुणासाठी?

लोकार्नोला हाच प्रश्न लावून बघा. १९७१ साली चौकात पडदा लागला. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडच्या बायांना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला. १९७१ साली! आपल्या मायबहिणींनी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीतच मत टाकलं होतं. आपल्याला मागासलेले म्हणणाऱ्या जगाला हे अधूनमधून ऐकवत जा.

त्याच्या आदल्या वर्षी, ७ जून १९७० ला, त्या देशात आणखी एक मतदान झालं. परदेशी मजूर कमी करा, असा ठराव होता. इटलीतून आलेले लाखो कामगार तिथली धरणं, बोगदे, रस्ते, हॉटेलं बांधत होते. त्यांना मोसमी परवाना मिळायचा, वर्षातले नऊ महिने. बायकोपोरांना आणायची बंदी. राहायला बराकी. काहींनी पोरं चोरून आणली आणि घरात लपवून ठेवली, शेजाऱ्याला आवाज जाऊ नये म्हणून पोरांनी खेळायचंबी नाही. ठराव पडला, पण १०० पैकी ४६ जणांनी ह्या मजुरांच्या विरोधात मत दिलं. मत देणारे सगळे पुरुष. तो मोसमी परवाना रद्द व्हायला २००२ साल उजाडलं.

आणखी एक. त्या देशात येनिश नावाची भटकी जमात आहे. १९२६ ते १९७३ ह्या काळात एका बालकल्याण संस्थेनं, सरकारच्या पाठिंब्यानं, त्यांची सहाशेच्या आसपास पोरं आईबापांपासून तोडून नेली. कशासाठी? भटकेपण मोडायला. १९८६ साली त्यांच्या राष्ट्राध्यक्षानं जाहीर माफी मागितली. इंग्रजांनी १८७१ साली जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या आपल्या विमुक्त भावांनी हे वाचावं. १९५२ साली तो कायदा गेला, तरी पोलीस अजून त्यांच्या पालावर येतातच. माफी तर कुणी मागितलीच नाही.

मी हे लोकार्नोची निंदा करायला लिहीत नाही. त्या गावानं चांगले पिक्चर दाखवले आणि दुसरीकडं दाबलेल्या मुलखांतल्या नव्या दिग्दर्शकांना पडदा दिला. सांगायचंय ते एवढंच, की तिथंसुद्धा चौक बांधणारा वेगळा आणि चौकात बसणारा वेगळा. ही आपल्या एकट्याची गोष्ट नाही. जातीची उतरंड आपल्याकडं आहे, पण खुर्चीचं राजकारण सगळीकडं आहे.

आता 'चक्र'. जयवंत दळवींची मराठी कादंबरी, तिच्यावरून रवींद्र धर्मराज यांनी हिंदी पिक्चर काढला. त्यांचा पहिलाच कथापट आणि शेवटचाच, कारण लवकरच ते वारले. अम्मा झाली स्मिता पाटील, लुक्का झाला नसीरुद्दीन शहा, ट्रकवाला अण्णा झाला कुलभूषण खरबंदा. गावाकडनं जीव वाचवून पळालेली बाई, झोपडीला पत्रे चोरताना मेलेला नवरा, वाढत्या वयाचा पोरगा, दोन पुरुषांच्या मधलं तिचं जगणं. स्मिता पाटीलला ह्या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम तसंच आहे, वादच नाही. पण पिक्चर बाजारात आणताना जाहिरातवाल्यांनी काय मोठं केलं? नळावर अंघोळ करणाऱ्या अम्माचं चित्र. स्मिता पाटीलला स्वतःला ते पटलेलं नव्हतं. झोपडपट्टीतल्या बाईला न्हाणीघर नाही हे दुःख होतं. जाहिरातीत त्याचा माल झाला.

आम्ही 'चक्र' वस्तीत दाखवला. दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, समाजमंदिराच्या भिंतीवर. भाड्याचा प्रोजेक्टर, लग्नाचा स्पीकर. शंभरेक माणसं होती, बाया जास्त. नळाच्या त्या प्रसंगाला पोरं शिट्टी मारतील अशी मला धास्ती होती. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यांदा बोलली, "आगं, एवढा येळ नळ एकटीला कोण देतंय? मागं धा घागरी ठिवल्या असत्यात!" सगळा मांडव हसला. शिट्टी कुणाची निघालीच नाही. दोस्तांनो, ही खरी समीक्षा. एवढ्या वर्षांत ह्या पिक्चरवर पुष्कळ लिहिलं गेलं असेल, पण नळाला रांग असते आणि रांगेत एकांत नसतो, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं. शेवटी बुलडोझर आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. एक बाई उठून गेली. नंतर कळलं, तिचं घर पाडलेलं होतं.

लोकार्नोत टाळ्या वाजवणाऱ्यांनी तो बुलडोझर बघितला, आमच्या बायांनीबी बघितला. पिक्चर एकच. पण त्यांना तो दाखवला गेला, तर ह्यांना तो आठवला. बघण्या-बघण्यात एवढा फरक पडतो. म्हणून कोण बघतंय ह्याला महत्त्व आहे.

माझा आजा १९८१ साली परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. त्यानं 'चक्र'चं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. त्याला त्या जुलैतल्या बसगाड्या ठाऊक होत्या. पुढं १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि आज्याची नोकरी, खोली आणि मुंबई तिन्ही सुटली. फुटपाथवाल्यांची बाजू मात्र कोर्टात गेली. हायकोर्टात १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्यांना हात न लावण्याचं ठरलं. मग सुप्रीम कोर्ट. १० जुलै १९८५ ला ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड होते. कोर्टानं म्हणलं, पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. आणि त्याच निकालात म्हणलं, नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, फक्त पावसाळा जाऊ द्या. म्हंजे हक्क कागदावर आमचा, फुटपाथ त्यांचा.

आता आपल्याकडच्या खुर्चीचा इतिहास. मूकपटाच्या जमान्यात केरळात पहिला मल्याळी पिक्चर निघाला, 'विगतकुमारन'. नायिका पी. के. रोझी, दलित बाई. तिनं पडद्यावर नायर स्त्रीचं काम केलं. तिरुअनंतपुरमला पहिला खेळ लागला, तिथं तिला येऊ दिलं नाही. आत बसलेल्या सवर्णांनी पडद्यावर दगड मारले. दलित बाई नायर बाईच्या वेशात दिसते म्हंजे काय! तिचं घर जाळलं. ती गाव सोडून पळाली आणि उरलेलं आयुष्य नाव लपवून जगली. भारतीय सिनेमाच्या इतिहासातलं हे पहिलं पान म्हणून शिकवायला पाहिजे. पडद्यावर आमची बाई चालते, जोवर ती त्यांना हवी तशी दिसते. खुर्चीवर चालत नाही.

म्हणून संविधानाचं कलम १५ नीट वाचा. आपण आरक्षणाची कलमं पाठ करतो, हे राहून जातं. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनं सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं आहेत. म्हंजे टॉकीज. म्हंजे तमाशाचा तंबू. म्हंजे चित्रपट महोत्सव. चवदार तळं आणि सिनेमाची खुर्ची एकाच कलमात बसवलेली आहेत. २६ जानेवारी १९५० पासून हा आपला मूलभूत हक्क. १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्यानं तर करमणुकीच्या ठिकाणी जातीवरून अडवणं हा गुन्हा ठरवला. पाण्याइतकीच करमणूकही माणसाला लागते, आणि ती नाकारणं हाही माणूसपण नाकारण्याचाच प्रकार आहे, हे त्या मसुद्यात आहे.

कायद्यानं दार उघडलं. मग खुर्ची का मिळत नाही? दाराच्या आत दुसरी दारं आहेत. मी एका शहरातल्या महोत्सवाला गेलोय. नाव कशाला घ्या. कार्डाला पैसे, ते माझ्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे. खेळ सकाळी नऊपासून, म्हंजे माझी पाळी सुटल्यावर झोपायची वेळ. पिक्चरच्या खाली इंग्रजी ओळी. ती पळती अक्षरं धरता धरता चित्र निसटायचं. मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलापाशी जो तो इंग्रजीत. मला कुणी जात विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. अंगावरचा कापसाचा भुगा बोलत होता. तरी तीन दिवस गेलो. इराणचा एक पिक्चर बघितला, त्यात शाळेला जाणारी पोरं होती आणि ती मला माझ्याच आळीतली वाटली. म्हणून सांगतो, महोत्सव टाकून देऊ नका. तिथं जगातला गरीब माणूस भेटतो. तो आपल्याला दुसरीकडं कुठं भेटणार?

आणि पडद्यामागंही आता आपली माणसं गेली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ साली आला. त्याच्या शेवटी जब्या दगड मारतो, तो सरळ बघणाऱ्याच्या दिशेनं येतो. रोझीच्या वेळी दगड खुर्चीकडून पडद्याकडं गेला होता. 'फँड्री'त तो पडद्याकडून खुर्चीकडं आला. एवढं अंतर कापायला आपल्याला ऐंशीएक वर्षं लागली. नीरज घेवान यांचा 'मसान' २०१५ साली फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आला. 'चक्र' झोपडीबाहेरच्या माणसांनी झोपडीकडं बघून काढला होता, सहानुभूतीनं काढला होता. आता कॅमेरा त्या माणसाच्या हातात आला, ज्याच्याकडं आजवर बघितलं जात होतं.

२०२४ साली ह्याच लोकार्नोनं शाहरुख खानला कारकिर्दीचा बिबट्या दिला, तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले. १९८१ साली मुंबईच्या झोपडपट्टीनं तिथला सगळ्यात मोठा बिबट्या आणला होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? इतिहास असा हरवतो. कुणी पुसत नाही, नुसतं सांगायचं टाळतात.

मग करायचं काय? रडगाणं पुरे. रस्ता दाखवणारी उदाहरणं आहेत. केरळात १९८४ साली जॉन अब्राहम ह्या दिग्दर्शकानं दोस्तांना घेऊन ओडेसा नावाची चळवळ काढली. गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा, झोळी फिरवायची, लोकांच्या पैशातून स्वतःचा पिक्चर काढायचा. 'अम्मा अरियान' १९८६ साली असा उभा राहिला. उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरला २००६ पासून 'प्रतिरोध का सिनेमा' सुरू झाला, कंपनीचा पैसा नाही, सरकारचा नाही. आणि आपल्या मुंबईत आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' तयार केला. रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून आणि विलास घोगरे यांच्या मरणापासून सुरू होणारा माहितीपट. तो त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत उघड्यावर दाखवला. ज्यांची गोष्ट, तेच प्रेक्षक. लोकार्नोचा चौक मोठा असेल. मला त्या चाळीचं पटांगण मोठं वाटतं.

तर भावांनो-बहिणींनो, एप्रिल-मे हा आपला उन्हाळा. शाळा सुटलेल्या, रात्री वस्ती बाहेर झोपते. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा डीजेवरून काढा. चार रात्रींचा आपला महोत्सव भरवा. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, एवढं पुरतं. पिक्चर निवडताना वस्तीतल्या बायांना विचारा. इंग्रजी ओळी असतील तर कॉलेजातल्या पोरीला माईक द्या, ती मराठीत सांगत जाईल. खेळ रात्री साडेआठला लावा, म्हंजे पहिल्या पाळीवाला येईल आणि तिसऱ्या पाळीवाला निम्मा तरी बघून जाईल. आणि पिक्चर संपल्यावर लगेच दिवे लावून घरी पिटाळू नका. अर्धा तास बोला. कुणाचं घर ह्यात दिसलं, कुणाचं खोटं दिसलं, कोण काय गाळून गेला. बोललेलं वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. पुढं कुणी आपला इतिहास लिहायला बसला तर त्याला बक्षिसांच्या याद्यांशिवाय दुसरंही काही सापडायला पाहिजे.

खुर्च्या कमी पडल्या तर जमिनीवर बसू. पण पुढच्या रांगेत बसू.

जयभीम.